घरच्या मैदानाचे अडीच गुण

मर्ल ऑस्टगार्डने उभा जन्म विमा कंपनीत काढला. कोण साधारण कधी मरेल याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून हप्ता ठरवायचा, हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावर तो बास्केटबॉलकडे वळला. कोण किती गुणांनी हरेल याचा अंदाज बांधायला लागला. कामात फारसा फरक नाही, असं तो म्हणायचा. फक्त इथे निकाल त्याच दिवशी कळतो आणि कुणी रडत येत नाही. यातलं दुसरं विधान जरा धाडसाचं होतं. लास वेगासमध्ये पैजेच्या खिडकीसमोर रडणारी माणसं आम्ही दोघांनी मिळून बरीच पाहिली आहेत.

आमचा अड्डा बोल्डर हायवेवरच्या ‘डेझर्ट लँटर्न’ कसिनोतल्या पैजेच्या हॉलमध्ये. पर्यटक इकडे फिरकत नाहीत. इथे येतात ते गावातलेच, बहुतेक गुडघे बदललेले. भिंतभर पडदे, त्यांच्यासमोर खुर्च्या. खुर्च्यांवर नावं नाहीत, पण वहिवाट आहे: डावीकडे मर्ल, मध्ये रूबेन आर्चुलेटा, उजवीकडे मी. रूबेनने जन्मभर कसिनोत पत्ते वाटले. आता वाटायला काही नाही, तर तो कागदी रुमालांच्या घड्या घालत बसतो. मी एका वर्तमानपत्रात होतो. ते बंद पडलं. माझ्यामुळे नाही, असं मी धरून चालतो.

कसिनो भाव काढतो तो असा: डेन्व्हर सात गुणांनी वरचढ. म्हणजे डेन्व्हरवर पैसे लावले तर डेन्व्हरने नुसतं जिंकून भागत नाही, सातांहून जास्त गुणांनी जिंकायला हवं. लोक आवडत्या संघावर लावतात, लहानपणीच्या गावावर लावतात, सोडून गेलेल्या बायकोच्या गावाविरुद्ध लावतात. मर्ल मात्र आकड्यांवर लावायचा. चेंडू शंभर वेळा हाती आला तर हा संघ किती गुण करतो, समोरच्याला किती करू देतो. काल रात्री दुसऱ्या शहरात खेळून विमानाने आलाय का. लागोपाठ दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्या संघाचे पाय शेवटच्या पावतासात जड होतात, हे त्याचं आवडतं कलम. आणि सगळ्यात आधी बघायचं ते हे, की घरी खेळतोय की बाहेर. घरच्या मैदानाचे तो अडीच गुण धरायचा. आपली गादी, आपली माणसं, ओळखीची बास्केट.

“एखादा संघ घरी दहा वेळा जिंकला म्हणून भुलू नकोस,” तो मला सांगायचा. “बाहेर किती वेळा गेला ते विचार.”

इतकं करून त्याचे शंभरातले त्रेपन्न-चौपन्न अंदाज बरोबर यायचे. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. या धंद्यात त्याला विद्वत्ता म्हणतात.

डोना गेल्यापासून तो रोज यायला लागला. डोना म्हणजे त्याची बायको. ती असताना तो आठवड्यातून दोनदा यायचा आणि ती घरून फोन करून विचारायची, “जिंकलास की जेवायला घरी येतोयस?” आता असं विचारणारं कुणी नव्हतं. त्यामुळे तो दुपारचा पहिला सामना सुरू व्हायच्या आधी यायचा आणि शेवटचा संपल्यावर, आवराआवर करणाऱ्या बाईला शुभेच्छा देऊन जायचा.

आमच्यात एक चाल आहे. आम्ही एकमेकांवरही भाव काढतो. कुणाचं ऑपरेशन पुढे ढकललं जाईल, कोणती वेट्रेस नोकरी सोडेल, रूबेनचा मेव्हणा या वेळी किती दिवसांत परत जाईल. पैसे लावायचे नाहीत. हरलेल्याने जिंकलेल्याला कसिनोच्या कॅफेत मांस-अंड्यांची न्याहारी द्यायची. नियम एकच, ज्याच्यावर भाव निघाला त्याने पैज लावायची नाही. खेळाडूने स्वतःच्या सामन्यावर पैसे लावायचे नसतात, ते जगभर गुन्हा आहे.

डिसेंबरात रूबेनने रुमालावर भाव लिहिला: नाताळला ब्रिट येणार का.

ब्रिट म्हणजे मर्लची एकुलती एक मुलगी. ती स्पोकेनला, पार वर वॉशिंग्टन राज्यात, इस्पितळात परिचारिका आहे. दर वर्षी ती येते म्हणायची आणि बहुतेक वेळा यायची नाही. कधी बर्फ, कधी रजा नामंजूर, कधी ताप. डोनाच्या अंत्यविधीला आली होती, पण मर्लने तो सामना मोजणीत धरला नव्हता. तटस्थ मैदान, तो म्हणाला.

“तू सांग, मर्ल,” रूबेन म्हणाला. “तुझी पोर, तुझे आकडे.”

मर्लने डोळे मिटले. “आदल्या रात्री तिची ड्यूटी आहे. म्हणजे लागोपाठ दुसरा दिवस. सॉल्ट लेकला विमान बदलायचं, तिथे बर्फ. मागचा इतिहास वाईट. येणार नाही. चारास एक, म्हणजे पाचांतून एकदा येईल.”

“मग तू कुठल्या बाजूने?”

“नाही येणार, या बाजूने. माझी न्याहारी लिहून ठेव.”

रूबेनची घडी अर्धवट राहिली. “अहो विमावाले, स्वतःच्या पोरीविरुद्ध? आणि नियमाचं काय?”

“नियम खेळाडूला आहे. खेळतेय ती. मी प्रेक्षक.”

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, की बाबा रे, हे काय? तो शांतपणे म्हणाला, “आली तर ती आली. नाही आली तर निदान न्याहारी. याला विमा म्हणतात. घर जळावं म्हणून कुणी विमा उतरवत नाही.”

मी त्याच आठवड्यात त्याच्याबरोबर बाजारात गेलो होतो. त्याने एका माणसाला पुरून उरेल आणि दोघांना जेमतेम होईल एवढं डुकराचं मांस घेतलं. नवी उशी घेतली. लेफ्से, म्हणजे त्याच्या नॉर्वेजियन घराण्यात नाताळला करतात ती बटाट्याची पातळ पोळी, मिनेसोटाहून टपालाने मागवली होती. ब्रिटला लहानपणी ती लोणी-साखर लावून आवडायची. ती येण्याची शक्यता वीस टक्के धरली, तर या खरेदीला कुठल्याही विमा कंपनीने मंजुरी दिली नसती.

ती आली.

नाताळच्या सकाळी उतरली आणि दुपारी मर्ल तिला घेऊन हॉलमध्ये हजर. नाताळला दिवसभर सामने असतात हे खरं, पण कारण ते नव्हतं. घरी दोघांनी लेफ्से खाल्ली, डोनाच्या फोटोकडे बघितलं, हवेबद्दल बोलून झालं, आणि मग घर फार शांत झालं असणार. इथे निदान बारा पडदे बोलत असतात. मर्लने तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला. इतक्या वर्षांत ती खुर्ची त्याने दुसऱ्या कुणाला दिलेली मी पाहिली नव्हती.

ब्रिट चाळिशीची, बापासारखीच लांब तोंडाची, डोळ्यांखाली रात्रपाळीची वर्तुळं.

“ये पोरी,” रूबेन प्रेमाने म्हणाला. त्याचं प्रेम नेहमी असंच घात करतं. “तुझ्या पायी आता बाप आम्हाला न्याहारी देणार.”

“का?”

“हरला ना. तू येणार नाहीस यावर लावली होती त्याने.”

मी पडद्याकडे बघत राहिलो. तिथे जाहिरात चालू होती.

ब्रिट आधी हसली. “खरंच, बाबा? काय भाव होता माझा?”

“चारास एक,” मर्ल म्हणाला. “तुझ्या विरुद्ध.” आणि मग, गप्प बसायचं सोडून, त्याने सगळं समजावून सांगितलं. रात्रपाळी, सॉल्ट लेक, बर्फ, मागचा इतिहास. विम्याचा मुद्दाही सांगितला. तो तिला दुखवत नव्हता. त्याला जे उत्तम येत होतं ते तो तिला दाखवत होता, शाळेतला मुलगा घरी चित्र दाखवतो तसं.

तिने नीट ऐकलं. परिचारिका ऐकून घेतात.

“हे सगळं माझं झालं, बाहेरच्या मैदानावरचं,” ती म्हणाली. “तुझं काय?”

“माझं काय?”

“तू बाहेर किती वेळा खेळलास? मी स्पोकेनला घर घेतलं त्याला किती वर्षं झाली, बाबा. आई दोनदा येऊन गेली. एकटी. तुझा ऑक्टोबर ते जून हंगाम असतो. आणि मग उन्हाळ्यात विमानतळावर गर्दी असते.”

“मी काही त्यात… मी बाहेर खेळत नाही.”

“तेच म्हणतेय.”

मर्लने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता, तो काढला. “पण खेळत होतीस तू,” तो म्हणाला. “मी फक्त भाव काढत होतो.”

“एकटा संघ कधी सामना खेळतो का?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. “जाऊ दे. कोण जिंकतंय?”

कोण जिंकतंय ते रूबेनने तिला सांगितलं, गरजेपेक्षा बरंच सविस्तर. संध्याकाळपर्यंत ती बसली, कोक प्यायली, एकदा बसल्या बसल्या डुलकी लागली तेव्हा मर्लने स्वतःचं जाकीट तिच्या अंगावर घातलं. दुसऱ्या सकाळी ती गेली. रात्री ड्यूटी होती.

मर्लने आम्हाला न्याहारी दिली. स्वतःच्या अंड्यांना हात लावला नाही. जानेवारीभर तो येत राहिला, पण भाव विचारला तर म्हणायचा, “बघू या.” ‘बघू या’ हे आकडेशास्त्रातलं वाक्य नाही. एकदा डेन्व्हरच्या सामन्यात मी मुद्दाम विचारलं, की घरच्या मैदानाचे अडीच गुण धरायचे ना? “ते अडीच गुण घरचे नसतात रे,” तो म्हणाला. “समोरचा प्रवास करून आलेला असतो, ते त्याचे गेलेले असतात. मी इतकी वर्षं ते उलट्या बाजूला लिहीत होतो.” आकड्यांच्या दृष्टीने याने काहीच बदलत नाही. मी तसं बोललो नाही.

फेब्रुवारीत रूबेनने रुमाल काढला: मर्ल स्पोकेनला जाणार का. हॉलमधल्या सगळ्यांनी ‘नाही’वर लावली. खिडकीतली बाईसुद्धा बाहेर येऊन ‘नाही’वर लावून गेली. समोर कुणी नसलं तर पैज होत नाही, म्हणून मी ‘हो’ म्हटलं. यात विश्वासाचा भाग फार नव्हता. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मर्ल रुमालाकडे बघत होता. “माझीही लिही,” तो म्हणाला. “नाही जाणार.” सवयीने म्हणाला.

“तुला लावता येत नाही,” रूबेन म्हणाला. “या वेळी खेळाडू तू आहेस.”

मर्लने मान डोलावली. मला वाटतं बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या हातात कशाचाही विमा नव्हता. त्याने तिकीट काढलं ते परत न मिळणाऱ्या भाड्याचं, हे मला नंतर कळलं. जन्मभर विम्यात काढलेल्या माणसाने असलं तिकीट काढणं म्हणजे काय, हे त्या धंद्यातल्यालाच कळेल.

विमानतळावर मी त्याला सोडायला गेलो. आमच्याकडे विमानतळाच्या आतसुद्धा जुगाराची यंत्रं किणकिणत असतात, माणूस शेवटच्या नाण्यानिशी जाऊ नये म्हणून. दाराशी थांबून त्याने विचारलं, “ती घरी असण्याची शक्यता किती?”

“तिला कळवलंस का?”

“नाही.”

“मग कळव. यात आकडे नाहीत, फोन आहे.”

तो आत गेला. पिशवीत लेफ्सेचा डबा होता. तो तपासणीत उघडायला लावला, हे मी काचेतून पाहिलं.

मी हॉलमध्ये परत आलो. रूबेनने मर्लच्या खुर्चीवर आपली टोपी ठेवली होती, कुणी बसू नये म्हणून. आम्ही सामना बघितला. डेन्व्हरचाच होता. एरवी पहिल्या पावतासातच आम्हाला कळायचं की आज काय होणार. आज काहीच कळत नव्हतं. नुसती उंच माणसं इकडून तिकडे धावत होती. हा इतका एकाकी खेळ आहे, हे मला माहीत नव्हतं. बहुधा दर वेळी डावीकडून कुणीतरी बोलत असायचं, म्हणून.

दिवेलागणीला माझा फोन वाजला. मर्ल.

“पोचलो. ती ड्यूटीवर गेलीय. मी विमानतळावर गेटवरून फोन केला, तेव्हाच किल्ली कुठे असते ते तिने सांगितलं.”

“मग आता?”

“आता काय, बसलोय. स्वयंपाकघरात.” मग म्हणाला, “चांगलं घर आहे. फ्रिजवर डोनाचा फोटो आहे. इथल्या नदीवरचा. मी हा पाहिला नव्हता.”

मागे काहीतरी उकळल्याचा आवाज येत होता. टीव्हीचा नव्हता.

“डेन्व्हरचं काय?” त्याने विचारलं.

“अकराने पुढे.”

मी वाट बघितली. भाव काय होता, तो टिकेल का, समोरचे थकलेत का, काहीतरी तो म्हणेल. तो म्हणाला, “ठेवतो. सूप लागेल खाली. सकाळी येईल ती, लागोपाठ दुसरी रात्र आहे तिची.”

फोन बंद झाला. रूबेनने विचारलं, “काय म्हणतोय?”

“सूप करतोय.”

“आणि डेन्व्हरचं? टिकेल म्हणतो का?”

“नाही बोलला.”

रूबेनने रुमालाची एक घडी घातली, उलगडली. मग टोपी तशीच खुर्चीवर ठेवून, मी जिंकलेल्या न्याहारीचं विचारायला कॅफेकडे गेला. संध्याकाळी ती मिळत नाही, हे त्याला माहीत होतं.