धाकट्याच्या गाडीचे टायर

घरात चारचाकी असली की वर्षातून एकदा तरी तिच्यावरून स्वयंपाकघरात खडाजंगी होतेच. थोरल्याच्या घरी ती झाली शनिवारी सकाळी, चहा घेताना. आदल्या दिवशी गॅरेजवाल्याने गाडी तपासून बजावलं होतं, "चारही टायर गेलेत. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबलात तर गाडी तुमचं ऐकणार नाही."

थोरला वीजबिलाच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. दिवसभर लोकांचं मुकाट ऐकून घ्यायचं आणि पदरचं काही सुटू द्यायचं नाही, ही सवय त्याला तिथेच लागली असावी. तसा माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे.

"कचेरीतले लोक महागडे टायर घेतात, ते काही आपल्याला झेपायचे नाहीत," तो म्हणाला. "जुन्या बाजारात वापरलेले मिळतात. निम्म्या भावात काम होईल."

"लोकांनी टाकलेल्या टायरवर माझी मुलगी बसणार नाही," बायकोने कप खाली ठेवत निकाल दिला. "परवडतील ते घे, पण नवे घे."

मुलीचं नाव निघालं की थोरल्याची घासाघीस संपायची. तो उठला आणि टायरवाल्या मावशींकडे गेला.

मावशींचं दुकान रस्त्याच्या वळणावर होतं. हवेचं यंत्र दारातच धापा टाकत असायचं आणि आत शिरलं की रबराचा वास नाकात बसायचा. नवऱ्यामागे वीस वर्षं हे दुकान त्यांनी एकटीने चालवलं होतं. काळ्या झालेल्या बोटांनी चष्मा वर सारत त्यांनी विचारलं, "गाडी कुठेकुठे जाते?"

"कचेरी, मुलीचं कॉलेज आणि महिन्यातून एकदा सासुरवाडी."

"जोरात चालवता?"

"बायको शेजारी असते हो."

"मग त्या महागड्या टायरांचा तुम्हाला काय उपयोग!" मावशी हसल्या आणि त्यांनी आतून एक साधासा टायर घरंगळत आणला. "याची जाहिरात लागत नाही कुठे, पण माप तुमच्या गाडीचं आहे. आणि हे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बनून चार महिने झालेत. स्वस्त घ्या, पण शिळा घेऊ नका. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं."

किंमत ऐकून थोरल्याचा जीव भांड्यात पडला. घरून निघताना जेवढी रक्कम मनाशी धरली होती, त्यातली बरीचशी उरत होती.

टायर बदलून झाले. मावशींनी मोठी सुरी घेतली आणि उतरवलेल्या टायरांकडे वळल्या.

"अहो, हे काय करताय?"

"मी उतरवलेला टायर कापूनच भंगारात टाकते. पुन्हा कोणाच्या चाकावर चढायला नको."

"थांबा, थांबा! मला हवेत ते. धाकट्या भावाला देतो. त्याच्या गाडीलाही हेच माप लागतं, आणि त्याचे तर याहून बेकार झालेत."

मावशींनी सुरी बाजूला ठेवली. थोरल्याचा हात धरून त्याचं बोट टायरच्या खाचेत घातलं. "खाचेच्या तळाशी हे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. काय लागतंय बोटाला?"

"सगळं सारखंच लागतंय."

"आणि कडेच्या या चिरा बघा. आतून कुजलाय हा."

"तो सावकाश चालवतो हो."

"सावकाश चालवणाऱ्याला कधी घाई होत नाही का? त्याच्या समोर कधी कोणी आडवं येत नाही? असाच एक टायर मी एकाला दिला होता, गयावया करत होता म्हणून. तो टायर मला पुन्हा दिसला तो उलटलेल्या गाडीला. तेव्हापासून मी कापते." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुमचे पैसे उरलेत ना? त्यात भावाला दोन तरी नवे घेऊन द्या. दोन मी उधारीवर देते."

थोरला घुटमळला. पण मावशी, माल माझा आहे, असं म्हणून त्याने चारही टायर डिकीत आणि मागच्या सीटवर कोंबले. आणि उरलेल्या पैशांचं काय झालं? शेजारच्याच दुकानातून त्याने सीटची नवी कव्हरं घेतली. टायर कोणाला दिसत नाहीत, कव्हरं दिसतात.

घरी आल्यावर त्याने ते जुने टायर साबणाने धुतले, ब्रशने घासले आणि वर काळं पॉलिश चढवलं. भेट द्यायची तर नीटनेटकी द्यावी, असं तो स्वतःला समजावत होता. चिरा पॉलिशखाली बुजल्या, तेव्हा त्याला जरा बरंही वाटलं.

धाकटा शिंपी होता. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचं कापायचं टेबल, दोन यंत्रं आणि भिंतीला टांगलेले कागदी नमुने. दोन शाळांचे आणि एका कारखान्याचे गणवेश तो शिवायचा आणि मागची सीट काढून टाकलेल्या जुन्या गाडीतून स्वतःच पोहोचवायचा. त्याची कात्री कापडावर कशी चालायची म्हणता! खडूची रेघ मारायच्या आधीच त्याला माप दिसायचं. घरचे सगळे त्याच्या उजव्या हातावर जगत होते.

"दादा, हे तर नव्यासारखे दिसतायत की!" तो टायरवर हात फिरवत म्हणाला.

"फार चाललेलेच नाहीत," थोरला म्हणाला. "दोन वर्षं सहज काढतील."

"तुम्ही आहात म्हणून आमचं भागतं, भाऊजी," भावजय म्हणाली. थोरल्याने ते आभार खिशात घातले आणि ताठ मानेने घरी आला.

सात आठवड्यांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, रस्त्यावर भुरभुर पाऊस असताना, कारखान्याचे गणवेश घेऊन निघालेल्या धाकट्याच्या गाडीचा पुढचा टायर फुटला. गाडी फिरली आणि खांबावर आदळली. दार आणि खांब यांच्यामध्ये त्याचा उजवा हात सापडला. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत प्रयत्न केले. मग त्यांनी भावजयीची सही घेतली आणि मनगटाच्या वरून हात काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी थोरला खाटेजवळ उभा होता. भावजय रडून रडून कोरडी झाली होती आणि आता ती नवऱ्यावर चिडली होती. "शंभरदा सांगत होते, घाई करू नका. ऐकतात का? घेतलं ना ओढवून!"

"माझंच चुकलं दादा," धाकटा छताकडे बघत म्हणाला. "माल द्यायला उशीर झाला होता. मीच दामटली गाडी."

मंडळी, हाच तो क्षण होता! एका वाक्याचं काम होतं. पण थोरल्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला, "होतं असं कधीकधी," म्हणाला, आणि गप्प बसला.

त्या गप्प बसण्याची किंमत त्याला दर आठवड्याला दिसू लागली. शाळांनी त्यांचं कापड परत नेलं. एका यंत्रावर कापड टाकून ठेवलं होतं, दुसरं विकलं गेलं. भावजय नवऱ्याला वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. धाकटा एकच गोष्ट येईल त्याला सांगायचा, माझ्या घाईने घात केला. थोरला हे ऐकून नव्या कव्हरांवर बसून घरी यायचा आणि ताट अर्धवट टाकून उठायचा.

एक दिवस तो भंगाराच्या आवारात जाऊन धाकट्याची गाडी बघून आला. फुटलेला टायर कडेने उभा चिरला होता. तिथून तो थेट मावशींच्या दुकानात गेला आणि स्टुलावर बसून त्याने सगळं सांगून टाकलं.

"पण मावशी, वेगानेही फुटतो ना टायर? खड्ड्यानेही फुटतो. फुटतो ना?"

मावशींनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "माझ्याकडून 'हो' ऐकायला आलात," त्या म्हणाल्या. "ते मी म्हणणार नाही. आपण सगळेच हे करतो. मुदत टळलेली औषधं, वायर उघडी पडलेला पंखा, ब्रेक लागत नसलेली सायकल. घरात ठेवायला भीती वाटते, टाकायला जीव होत नाही, म्हणून गरिबाला देऊन टाकतो. वर त्याच्याकडून आभारही घेतो! गेलेला हात काही परत येत नाही. पण तुमची चूक तो बिचारा रोज स्वतःच्या माथ्यावर घेतोय. ती तेवढी जाऊन उतरवा."

थोरला भावाच्या घरी गेला तेव्हा धाकटा टेबलाशी बसून डाव्या हाताने खडूची सरळ रेघ मारायचा प्रयत्न करत होता. रेघ वेडीवाकडी जात होती. तो पुसायचा आणि पुन्हा मारायचा. भावजय दाराशी काज करत बसली होती.

उभ्या उभ्याच थोरला बोलला. टायर संपलेले होते. मला सांगितलं होतं. चिरा मी पॉलिशखाली लपवल्या. तुझ्या वेगाचा काही दोष नाही. माझ्याकडे पैसे होते आणि मी त्यांतून सीटची कव्हरं घेतली.

भावजयीच्या हातातली सुई थांबली. धाकट्याने खडू खाली ठेवला.

"मला माहीत होतं, दादा."

"काय?"

"पहिल्याच आठवड्यात पॉलिश उतरलं. चिरा दिसल्या होत्या मला."

"अरे, मग काढून का नाही टाकलेस? मला का नाही बोललास?"

"तू इतक्या हौसेने आणले होतेस. परत करायचे कसे?" धाकटा शांतपणे म्हणाला. "आणि ते परत करून नवे कुठून आणणार होतो? तुझं नाव येऊ नये म्हणून मग घाईचंच सांगत राहिलो. तू मोठा आहेस. तुला 'नको' म्हणायची आम्हाला सवयच नाही."

शिव्या ऐकायची तयारी करून आला होता थोरला, या उत्तराची नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

भावजय उठली ती नवऱ्याकडे गेली. "आणि मी तुम्हालाच बोलत राहिले हो!" म्हणत तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग थोरल्याकडे वळून ती म्हणाली, "भाऊजी, आज तुम्ही जा. राग गेला तर मी स्वतः बोलवायला येईन. नाही गेला, तर येणार नाही."

ती अजून आलेली नाही. थोरल्याने गाडी विकली, तिचे सगळे पैसे एका कारागिराचा वर्षाचा पगार म्हणून धाकट्याच्या दुकानात पाठवले, आणि ते परत आले नाहीत एवढंच त्याचं समाधान. वीजबिलाच्या खिडकीवर तो आता लोकांचं ऐकताना मध्येच थांबवून विचारतो, "अजून काही सांगायचं राहिलंय का? संकोच करू नका." लोकांना वाटतं, माणूस मवाळ झाला.

नागरिक बंधुभगिनींनो, द्यायला आपण सगळेच उत्सुक असतो. फक्त देण्याआधी एकदा स्वतःला विचारा, ही वस्तू मी माझ्या मुलीसाठी वापरली असती का? नसेल, तर ती मोडा, कापा, जाळा, पण कोणाच्या हाती देऊ नका. घेणारा नाही म्हणेल, या भरवशावर राहू नका. ज्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो त्याला नाही म्हणता येत नाही. त्याच्या वतीने ते आपणच म्हणायचं असतं, आणि वेळेवर म्हणायचं असतं.