मिस्त्रीचा टेस्ट लॅम्प

"आण्णा, किल्ली फिरवा आणि काय काय पेटतंय ते मोठ्यानं सांगा."

श्रेणिक आण्णा शिरोळहून आपली जुनी काळी मोटार घेऊन आले होते. स्टिअरिंगमागं बसून ते डॅशबोर्डवरचे दिवे वाचू लागले. "ऑइलचा पेटलाय. चार्जिंगचाबी. आता गाडी चालू केली. ऑइलचा गेला. चार्जिंगचा लाल तसाच हाय की, मिस्त्री."

"म्हंजे डायनॅमो. बॅटरी भरंना झालीया."

गिऱ्हाइकाकडून दिवे वाचून घेणं ही प्रभुलिंग मिस्त्रीची ऐट आहे, असं उद्यमनगरात लोक म्हणत. म्हणोत बापडे. खरी गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, बसव्वाला ठाऊक होती. साखरेच्या दुखण्यानं त्याचे दोन्ही डोळे खाल्ले होते. दिवाळीपासून लाल पेटलाय की विझलाय एवढंही त्याला दिसत नव्हतं. हे बाहेर फुटलं तर त्याच्या हातात गाडी कोण देणार? गिऱ्हाइकं तशीही आटली होती. जुन्यांपैकी एकटे आण्णा उरले होते. 'आण्णाबी यायचं थांबलं की शटर वडायचं,' असं तो बसव्वाला सांगून बसला होता.

हातांना मात्र सगळं पाठ होतं. त्यानं डायनॅमो उघडला, चाचपडत त्यातले झिजलेले कार्बनचे तुकडे बदलले. यात तासभर गेला. तोवर टेस्ट लॅम्प मडगार्डवर पडून होता. लॅम्प कसला, दोन वायरी जोडलेला साधा बल्ब. करंट आला की पेटतो. ते पेटणं दिसेना झाल्यावर मिस्त्रीनं युक्ती काढली होती. बल्ब ओठाला लावायचा. गरम लागला तर करंट आहे.

त्यानं वायरी डायनॅमोला लावल्या, आण्णांना रेस द्यायला सांगितली आणि बल्ब ओठाला लावला. चांगला गरम होता. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.

सगळं जागच्या जागी बसवून तो खिडकीशी आला आणि डॅशबोर्डकडं तोंड करून उभा राहिला. "गेला न्हवं लाल?"

आण्णांनी अजून एकदा रेस देऊन बघितली. इंजिन चालूच होतं.

"गेला की," ते म्हणाले. "झ्याक झालं."

निघताना त्यांनी खिडकीतून हात काढून मिस्त्रीच्या खांद्यावर ठेवला. इतक्या वर्षांत कधी ठेवला नव्हता.

गाडी गेल्यावर मिस्त्री हत्यारं गोळा करू लागला. टेस्ट लॅम्प कट्ट्यावर होता. सवयीनं त्यानं तो ओठाला लावला. गरम! वायरी तर मोकळ्या लोंबत होत्या. मे महिन्याच्या उन्हानं बल्ब तापला होता. मघाशी मडगार्डवरही तो उन्हातच पडला होता.

म्हणजे लाल दिवा तसाच पेटलेला होता, आणि त्या दिव्याकडं तोंड करून 'गेला न्हवं?' असं विचारताना आण्णांनी मिस्त्रीला बघितलं होतं.

कान अजून शाबूत होते. चार दुकानं सोडून कोपऱ्यावर, सयाजीच्या गॅरेजपुढं, तीच मोटार थांबली.

"काय आण्णा, आज हिकडं कसं?" सयाजीचा आवाज मुळातच दांडगा. "तुमचं मिस्त्री कुठं गेलं?"

"गावाला गेल्यात," चालू इंजिनाच्या आवाजामुळं आण्णाही मोठ्यानं म्हणाले. "दुकान बंद हाय. लाल दिवा जाईना झालाय, बघ जरा."

मिस्त्रीला रडू फुटलं. पण रडायलाही सवड नव्हती. सयाजी कुठल्याही घटकेला रस्त्यावर येऊन इकडं बघेल, आणि आण्णा खोटे पडतील. तो चाचपडत आत गेला. आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरून त्यानं शटर आतून हळूहळू खाली ओढलं.