बसलेले पॉपओव्हर

ही १९५६ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावाला दीडशे वर्षं होणार होती, आणि पाद्री व्हिटकोम गावाच्या इतिहासाची पुस्तिका छापणार होते. त्यात एक पान पॉपओव्हर या पावाला होतं. अंडी, दूध, मैदा. सोडा नाही, यीस्ट नाही. तापलेल्या साच्यात मिश्रण ओतलं की नुसत्या वाफेवर टोपीसारखं वर येतं, आतून पोकळ.

गावात ते आणले हल्डामावशीच्या आईने, डॉर्कस टिबेट्सने. टेकडीवरच्या हॉटेलात तिने तीस वर्षं ते भाजले, तिच्यामागे हल्डामावशीने; सगळं गाव तिला मावशीच म्हणे. डॉर्कसला जन्मभर सगळे नुसतं ‘स्वयंपाकीण’ म्हणत. एकदा तरी तिचं नाव छापून यावं, एवढंच मावशीला हवं होतं. मी तेव्हा सतरा वर्षांची, त्याच हॉटेलात पाहुण्यांना वाढायला होते.

हॉटेलच्या मालकीणबाई प्रेस्कॉट म्हणाल्या, कृती माझ्या आजेसासूबाईंची. पाद्रींनी तोड काढली की मावशी आणि प्रेस्कॉटबाई दोघींनी पुस्तिकेच्या समितीसमोर पॉपओव्हर करून दाखवावेत.

प्रेस्कॉटबाईंनी जन्मात अंडं फोडलं नव्हतं. पंधराव्या मिनिटाला, कसे फुगलेत ते समितीला दाखवायचं म्हणून, त्यांनी ओव्हनचं दार उघडलं. आमच्याकडच्या चार वर्षांच्या पोरीही असं करत नाहीत. वाफ निघून गेली आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळे बसले. बाहेर काढले तेव्हा वरून चामड्यासारखे होते, आत पिवळट बुळबुळीत गोळा, आणि कच्च्या अंड्याचा उग्र वास. दुसऱ्या ओव्हनमधले मावशीचे ताठ उभे.

समितीने ते गोळे खाल्ले. चार शहाणी माणसं, लोणी लावून गिळत होती. पाद्रींच्या हनुवटीवर ओघळ आला तरी ते म्हणत होते की ही खरी जुनी चव. निम्मं गाव हॉटेलवर जगत होतं, त्याची ही चव.

मग पाद्रींनी मला विचारलं, “युनिस, हॉटेलात आल्यापासून तू कोणते पॉपओव्हर बघतेस, फुगलेले की बसके?”

प्रेस्कॉटबाई माझ्याकडे बघत होत्या. मला पुढच्या वर्षीही काम हवं होतं.

“असेच बसके,” मी म्हणाले.

“रोज सकाळी माझ्या हातचे दोन चापतेस गं,” मावशी शांतपणे म्हणाली. “आज एकदम विसर पडला होय?”

तिने एप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि ती निघून गेली.

पुस्तिकेत आलं ते असं: मूळ पॉपओव्हर बसका आणि मऊ असे, आणि फुगवायची रीत नोकरांनी नंतर घुसडली. डॉर्कसचं नाव कुठेच नाही.

प्रेस्कॉटबाई तीन वर्षांनी हॉटेल विकून फ्लोरिडाला गेल्या, आणि तिथेच वारल्या. पाद्री व्हिटकोम यांना मोठ्या गावातलं चर्च मिळालं. हल्डामावशी बँगोरला बहिणीकडे गेली, एका शाळेच्या स्वयंपाकघरात राबली आणि एकाहत्तर साली वारली. मी तिला माफीचं पत्र लिहिलं होतं. ते न उघडता परत आलं. मला पुढचे दोन उन्हाळे काम मिळालं, मग लग्न झालं, चार मुलं झाली. पुस्तिका अजूनही वाचनालयात विकतात. दुरुस्त करा म्हणून मी दोनदा सांगून आले. तिथली मुलगी म्हणते, आजी, छापलंय ते तपासूनच छापलं असेल ना.