वाकडा मी की पाणी?

मित्रांनो, मी मासे मारायचा एक जुना भाला आहे. सरळ की वाकडा, हे मात्र मला विचारू नका. तेच मला आजवर नीट कळलेलं नाही.

ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात मासे धरणाऱ्या मुखरूने बांबू निवडला, लोहाराकडून तीन लोखंडी टोकं घडवून घेतली आणि मला तयार केलं. वीस वर्षं आम्ही दोघांनी गावचं तळं पालथं घातलं. "माहा भाला सुतासारखा सरळ आहे," असं तो चारचौघांत सांगायचा. मी फुलून जायचो.

१९५३ साली मुखरूची लेक प्रेमिला माहेरी बाळंत झाली. दूध उतरेना. रडून रडून बाळाचा घसा बसला. "मरळ मासा खाल्ला का दूध सुटते," तिची आई सुगंधाबाई म्हणाली. पण मुखरू जाळं घेऊन वैनगंगेवर गेलेला. घरात पुरुष एकच, जावई सुकलू. तो धानाच्या शेतात वाढलेला, भाला त्याने कधी धरला नव्हता. तरी मला घेऊन तो तळ्यावर गेला.

तीन दिवस मरळ समोर दिसायची आणि मी तिच्या वरून निघून जायचो. माझं काय चुकतंय ते मला कळेना. मग सुकलूने मला पाण्यात तिरपं धरलं आणि तो ओरडला, "हा तं पाण्यात वाकते! म्हणून नेम चुकून राह्यला." बाहेर काढलं तर मी सरळ. बुडवलं की वाकडा! मीही घाबरलो. वीस वर्षं मुखरू खोटं बोलत होता की काय?

सुकलूने उपाय काढला. पाण्यात जिकडे वाकतो, त्याच्या उलट बाजूला मला आधीच वाकवायचं! चुलीच्या आगीवर धरून त्याने मला गुडघ्याने दाबलं. फार दुखलं, मित्रांनो. आणि गंमत बघा, आता मी पाण्यात अगदी सरळ दिसू लागलो. मासा मात्र पुन्हा हुकला.

मुखरू परतला. मला हातात घेऊन त्याने माझ्या वाकावरून बोट फिरवलं.

"चुकलो, मामाजी," सुकलू म्हणाला. "पोराचं रडणं ऐकवत नोहतं."

"जवाईबापू, भाला वाकडा नोहता. पाण्यातला मासा दिसते तिथी राह्यत नाई, त्याच्या खाली राह्यते. चला."

तळ्यावर त्याने मला सुकलूच्याच हातात दिलं. "दिसते त्याच्या वीतभर खाली हाणा." वाकडा असूनही मी मरळीत रुतलो. दोन दिवसांनी बाळ पोटभर पिऊन झोपलं, आणि सुकलू ओसरीवर बसून रडला. मी त्याच्यावरचा राग तिथेच सोडला.

पुढे शाळेतले गुरुजी म्हणाले, पाण्यातून हवेत येताना उजेड वळतो, म्हणून वस्तू जागा सोडून दिसते. माझा गोंधळ आणखी वाढला. वळतो उजेड, मग भाजलं मला का?

मुखरूने मग नवा भाला केला. मी तेव्हापासून आढ्याला टांगलेला आहे. त्या दिवशी सुकलूने पाण्यात हात घालून मला नुसतं चाचपलं असतं, तरी मी त्याला सरळ लागलो असतो. तेवढं तुम्ही करा रे. डोळ्यांना कुणी वाकडं दिसलं, तर भाजण्याआधी त्याला एकदा हात लावून पाहा.