बॉडी कलरचा बंपर

माझ्या नवऱ्याचं नाव सोमनाथ. तोंडावर मी त्यांना अहो म्हणते, पण इथे एकेरीच लिहिणार आहे. मनातून चिडलं की माणूस एकेरीवर येतो आणि त्या दिवसांत मी कायम चिडलेली असायची.

साल दोन हजार एक. नाशिकच्या सिडकोतलं आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत सोमनाथ गाड्यांचे बंपर रंगवायचा. तेव्हा स्वस्तातल्या मॉडेलला काळ्या प्लास्टिकचे बंपर यायचे आणि महागातल्या मॉडेलला गाडीच्याच रंगाचे, म्हणजे बॉडी कलरचे. ज्यांनी स्वस्तातली घेतली त्यांना ती महागाची दिसायला हवी असायची. मग बंपर सुटे करून आमच्याकडे यायचे, सोबत आरशांची कव्हरं, दारांची हँडलं, आणि रंग जुळवायला पेट्रोलच्या टाकीचं झाकण. झाकण काढायला सोपं, पिशवीत मावणारं, आणि गाडीइतकंच उन्हात उभं राहिलेलं. कंपनीच्या नंबराचा डबा आणला तर तो रंग नव्या गाडीचा असतो. नाशिकच्या उन्हात चार वर्षं काढलेल्या गाडीचा रंग डब्यात मिळत नाही, तो करावा लागतो. तो मी करायची.

ही नजर मला माहेरून मिळाली. वडिलांचा, चिमाजींचा, मखमलाबादला गुलाबाचा मळा. सकाळी कळ्या तोडून झाल्या की मी आणि आई जुड्या बांधायचो. वीस कळ्या, सगळ्या एका छटेच्या. त्यात एखादी उतरलेली गेली तर व्यापारी अख्खी जुडी बाजूला टाकायचा आणि वर चारचौघांत ऐकवायचा. लाल म्हणजे नुसता लाल नसतो, हे मला शाळेत अ शिकायच्या आधीपासून माहीत होतं.

सोमनाथ अंबडला प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. शहाण्णव साली तो बंद पडला. चार महिने घरी बसून काढल्यावर त्याने जुना कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन आणली. पहिलाच बंपर रंगवला तो गाडीला लावल्यावर मला शेजाऱ्याच्या गाडीचा वाटला. माझा चेहरा बघून बिचारा डोक्याला हात लावून पायरीवर बसला. मी सहज म्हणाले, "यात पिवळा कमी पडलाय, आणि काळा थेंबभर जास्त झालाय." म्हणाले आणि करूनही दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवसापासून पाच वर्षं मी त्या घरात कोंडले गेले.

कोंडले म्हणजे खरोखर कोंडले. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, फरशीवर पाणी मारलेलं. रंगाच्या दिवशी फोडणी द्यायची नाही. तेलाची वाफ बंपरवर बसली की रंग तिथे धरत नाही, बारीक बारीक खड्डे पडतात. म्हणून उकडलेले बटाटे आणि दहीभात. केसांना तेल लावायचं नाही. रंगाचा पहिला हात मारताना मी नाकाला ओढणी बांधून शेजारी दिवा धरून उभी राहायची. मग मी आणि वेदिका, आमची सात वर्षांची मुलगी, आतल्या खोलीत. आमच्या घराला दार एकच, आणि ते पुढच्या खोलीत. रंग वाळेपर्यंत तिथून कोणी जायचं नाही. तीन तास, कधी चार. वेदिका ओट्याखाली बसून विचारायची, "आई, वाळला का?" आधी हे आठवड्यातून दोनदा होतं. पुढे पाचदा व्हायला लागलं. थिनरच्या वासाने डोकं असं धरायचं की मला माझी चीडसुद्धा नीट आठवायची नाही.

द्वारका चौकाजवळ गोरक्षभाऊंचं रंगाचं दुकान होतं. डबे तिथूनच यायचे. एकदा मी त्यांना दुकानातच दोन डब्यांतला फरक दाखवला, तेव्हापासून ते मला मानायचे. त्या पावसाळ्यानंतर ते म्हणाले, "वहिनी, रंग मिसळायचं कॉम्प्युटरचं मशीन घेतोय. पण शेवटी नजर माणसाचीच लागते. तुम्ही या कामाला. दहा ते सहा. सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

त्यांच्या दुकानाला दोन्ही बाजूंनी शटर होती, आणि दोन्ही उघडी. समोरून रस्त्याचा वारा यायचा तो मागच्या गल्लीत निघून जायचा. मला त्या वाऱ्याचाच मोह पडला. लोक दागिन्याची हाव धरतात, मी वाऱ्याची धरली.

सोमनाथ नाही म्हणाला नाही. नाही म्हणणारा नवरा परवडतो, त्याच्याशी भांडता येतं. तो म्हणाला, "जा की. पण रंग कोण करणार? मला कुठं तुझ्यासारखी नजर आहे? दिवाळीनंतर बघू." कोणत्या वर्षीची दिवाळी, ते बोलला नाही.

गुरुवारी पिंपळगावच्या गोटीरामशेठचे दोन बंपर आले. द्राक्षांचे व्यापारी, गाडी डाळिंबी रंगाची. झाकण उजेडात धरून मी अर्ध्या तासात रंग जुळवला, नमुन्याच्या पट्टीवर लावून बघितला. तंतोतंत. आणि तेव्हाच डोक्यात आलं, की नजर आहे म्हणून मी इथे आहे. ती बिघडली असं ठरलं, गिऱ्हाईक ओरडत परत आलं, तर मला कोण कशाला धरून ठेवेल? मी निळ्याचा डबा उघडला. चमचाभर घातला. चांगल्या जमलेल्या आमटीत मुद्दाम मूठभर मीठ घालावं तसं वाटलं, पण घातला. आणखी एक घातला. दुसऱ्या पट्टीवर लावला तर शुद्ध वांगी. सोमनाथने तोच रंग गनमध्ये भरला आणि मी दिवा धरून उभी राहिले.

शनिवारी अकरा वाजता गोटीरामशेठ गाडी घेऊन आले. सोमनाथने गल्लीतच बंपर बसवले. लख्ख ऊन होतं. गाडी डाळिंबाची आणि पुढेमागे वांग्याचे पट्टे, मला तर दहा पावलांवरून लाज वाटली. शेठ गाडीभोवती एक फेरी मारून आले, खाली वाकले, बोटाने टिचकी मारून पाहिली. मी दाराच्या चौकटीला धरून वाट बघत होते.

"लय भारी," शेठ म्हणाले. "कंपनीतून अशीच निघाली वाटतीय."

मला राहवलं नाही. "शेठ, उन्हात नीट बघा ना. बंपर जांभळा नाही का वाटत?"

"जांभळा?" त्यांनी पुन्हा पाहिलं. "तुमी बायका लय बारीक बघता बुवा. मला तं दोन्ही एकच दिसतंय." मग सोमनाथकडे वळून म्हणाले, "मेव्हण्याचे बंपर उद्याच धाडतो. अन् आमच्या दोन भागीदारांच्याबी गाड्या हायेत."

शेठ गेले. सोमनाथ खुशीत शीळ घालत आत आला. मी सगळं सांगून टाकलं, दोन चमचे निळ्यासकट.

"उगाच काहीतरी सांगतेस," तो म्हणाला. "दुकानात जायचंय म्हणून."

मी दोन्ही पट्ट्या आणल्या, त्याला हाताला धरून गल्लीत नेलं आणि उन्हात त्याच्यासमोर धरल्या. तो बराच वेळ बघत राहिला. एक जवळ घेतली, लांब धरली. कपाळावर घाम आला. शेवटी त्याने एका पट्टीवर बोट ठेवलं. "ही चुकीची." ती बरोबरची होती.

मला हसू आलं आणि रडूही. पाच वर्षं मी जे जुळवत होते ते घरातल्या माणसालाही दिसत नव्हतं, दारातल्या गिऱ्हाइकालाही नाही. लोकांना बंपर काळा नको होता, एवढंच. मग माझ्या पोरीला ओट्याखाली कशासाठी बसवलं होतं मी?

"मग झालं तर," मी म्हणाले. "तुम्हाला दिसत नाही, शेठला दिसत नाही. तुम्हीच करा रंग, थोडा इकडेतिकडे झाला तर कोणी मरत नाही. मी सोमवारी दुकानात जाते."

सोमनाथ आत येऊन दुपारच्या कामासाठी पाणी मारलेल्या फरशीवरच बसला. मला वाटलं, आता दिवाळी काढणार. त्याने तसं काही केलं नाही.

"एकट्याने गन धरली की हात थरथरतो माझा," तो म्हणाला. "कारखाना बंद झाल्यापासून. तू बाजूला दिवा धरून असलीस की थरथरत नाही. रंगाचं काय, रंग मी कसाही करून घेतला असता."

"पाच वर्षं झाली. एकदाही सांगितलं नाहीत."

"तुझ्या नजरेशिवाय भागत नाही म्हटलं की तुला बरं वाटायचं. हे सांगितलं असतं तर थांबली असतीस का?"

थांबले नसते, असं तोंडावर येत होतं. पण तो फरशीवर बसला होता आणि त्याची पँट खालून भिजत होती, ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. भांडायला जो माणूस मी तयार ठेवला होता, तो तिथे नव्हताच.

सोमवारी दहा वाजता गोरक्षभाऊंचं दुकान उघडलं असेल. मी पुढच्या खोलीत नाकाला ओढणी बांधून उभी होते. मेव्हण्याचे बंपर पांढरे करायचे होते. मी रंग बरोबर केला होता, कोणाला दिसणार नसला तरी. सोमनाथने गन उचलली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हात चालवला. नजरेसाठी अडकले असते तर नजर बिघडवून सुटले असते. घाबरलेल्या माणसाला एकटं सोडून कसं निघायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. खरं सांगते, मला त्याचा इतका राग आला होता की दिवा धरलेला माझाच हात थरथरत होता. त्याला ते दिसलं नाही.