घंटेत कोंबलेला टॉवेल

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, नर्सबाईंच्या खोलीच्या दाराशी, सभागृहाची घंटा बसवलेली होती. सभागृह रस्त्यापलीकडेच. सभासद बहुतेक उताराला लागलेले, कुणी ना कुणी त्या मजल्यावर पडलेलंच असायचं. मतदान पुकारलं की तिकडे बटण दाबलं जायचं आणि इकडे ही घंटा कोकलायला लागायची. दहा मिनिटं. तेवढ्यात सलाईनची सुई उपटून ज्याला पळता येईल त्यानं पळावं. मग सभागृहाची दारं बंद. मरायला टेकलेल्या माणसाच्या कानाशी घंटा टांगावी असं ज्यांना सुचतं, त्यांच्याच हातात आपण अणुबॉम्बच्या किल्ल्या दिल्या आहेत.

कोपऱ्यातल्या खोलीत सभासद नव्हता, दोन सभासदांचा बाप होता. उभा जन्म अण्वस्त्रांच्या कारखान्यात फिटर. क्षेपणास्त्राच्या टोकाला जे डोकं बसतं ते बसवायचं काम. आता फुप्फुसं गेली होती. नाकावर मास्क, छातीत भाता फुटल्यासारखा आवाज. मास्क बाजूला करून तो दिवसातून दोनचार वाक्यं बोलायचा आणि त्यातलं एक ठरलेलं असायचं, की मी बसवलेली डोकी काढायची वेळ आली तर मलाच बोलवा, दुसऱ्याला ते आटे सुटायचे नाहीत. नर्सबाई हसायच्या. मुलगी हसायची नाही.

मुलगी थोरली. सगळा पक्ष तिला ताई म्हणायचा, धाकटा भाऊही ताईच म्हणायचा. ती सत्तेतल्या बाजूची आणि कराराच्या बाजूची. भाऊ समोरच्या बाकांवरचा. त्याला निवडून दिलं होतं कारखान्याच्या गावानं, बापाच्याच गावानं. तिथल्या प्रत्येक घरात बॉम्बच्या पगारावर चूल पेटत होती. गावात त्याला भाऊसाहेब म्हणायचे, घरात बाळ्या.

करार साधा होता. दोन देशांनी आपापली निम्मी अण्वस्त्रं मोडायची आणि ती मोडलेली एकमेकांच्या माणसांना दाखवायची. पलीकडच्या देशानं मंजुरी देऊन टाकली होती. इथे नुसता गदारोळ. समोरचे म्हणत होते, ते लबाड आहेत, मोडल्यासारखं दाखवतील आणि डोंगरात लपवतील. कुणी म्हणालं, शस्त्रं टाकून शेपूट घालणाऱ्यांची पोरं उद्या गुलाम होतील. ताईनं आदल्या दिवशी उठून विचारलं होतं, आत्ता आपल्याकडे जग सात वेळा मारण्याइतका माल आहे, कराराप्रमाणे साडेतीन वेळा मरेल इतका उरेल, तेवढ्यात सन्माननीय सभासदांचं भागणार नाही का? हशा झाला. समोरचेही हसले. हसले आणि पुन्हा तेच बोलायला लागले. बाळ्याही बोलला होता, कारखान्याबद्दल. हजारो घरं बसतील म्हणाला. ते खोटं नव्हतं. पण ती घरं दुसऱ्या कशावर उभी करता येतील, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता, कारण तो प्रश्न ज्याला पडतो तो त्या गावातून निवडून येत नाही.

हिशेब एका मतावर आला होता. करारवाल्यांचं एक मत जास्त, बस. समसमान झालं तर अध्यक्ष आपलं मत जुनं तसंच चालू राहावं म्हणून टाकतात, म्हणजे करार मेला.

त्या सभागृहात एक जुनी रीत होती. तिला जोडी म्हणायचे. एका बाजूचा सभासद अडला, आजारी पडला, घरी कुणी गेलं, तर समोरच्या बाजूचा एक जण आपण होऊन बाहेर राहतो. त्यानं फरक तेवढाच राहतो. लिहून द्यायचं नाही, सही नाही, साक्षीदार नाही. फक्त शब्द. एकमेकांच्या आयाबहिणी काढणारी माणसं ही रीत मात्र पाळत आली होती. भावाबहिणीनं अशीच जोडी लावली. बाबांना सोडून दोघांपैकी कुणीच जायचं नाही. बाबांनी दोघांचे हात आपल्या पोटावर धरले आणि मास्कमधून म्हणाले, "इथंच बसा. दोघं."

सकाळी दोघांनाही फोन आले. प्रतोदांचे, म्हणजे पक्षाची मतं कुंपणाच्या आत हाकणाऱ्यांचे. बाळ्याला त्याच्या प्रतोदानं सांगितलं, तुमची ताई ऐनवेळी येऊन मत टाकणार आहे, आमची पक्की खबर आहे, तुम्ही आधी या. तासाभरानं ताईला तिच्या प्रतोदानं हेच सांगितलं, नुसती ताईच्या जागी भाऊ घालून. चहा पिताना दोघांनी एकमेकांना ते सांगून टाकलं.

"दोघं एकाच मास्तरांकडे शिकलेत वाटतं," ताई म्हणाली.

"तुझा जरा ढ आहे," बाळ्या म्हणाला. "माझ्याचीच पाटी बघून उतरवलंय."

खूप दिवसांनी दोघं असं हसले. बाबांनी डोळे उघडून बघितलं आणि पुन्हा मिटले. ती खोली तेवढ्यापुरती देशातली सगळ्यात शहाणी जागा होती.

दुपारी घंटा झाली.

बाळ्या तेव्हा न्हाणीघरात बाबांचं थुंकीचं भांडं धूत होता. आवाजानं बाबा दचकले, मास्क ओढायला लागले, श्वास लागला. ताई उठली. पर्स तिच्या खांद्यालाच असायची, झोपताना काढायची तेवढीच. पलंगाच्या कठड्यावरचा टॉवेल उचलून ती नर्सबाईंच्या खोलीकडे पळाली. बंद करा म्हणाली. नर्सबाई म्हणाल्या, आमच्या हातात नाही हो, तिकडूनच वाजते. मग ताई स्टुलावर चढली आणि टॉवेलाचं टोक पिळून घंटेच्या वाटीत कोंबायला लागली.

बाळ्या भांडं घेऊन बाहेर आला तर खुर्ची रिकामी. पर्स नाही. घंटा वाजतेय. खिशातला फोन थरथरला. प्रतोदाचा निरोप: निघाल्या त्या, धावा.

प्रतोदाला काही दिसलं नव्हतं. रस्त्यापलीकडे बसून त्यानं अंधारात दगड मारला होता आणि तो नेमका लागला.

बाळ्यानं बाबांकडे बघितलं. दारातून डोकं बाहेर काढून उजव्या हाताला वळला असता, दहा पावलांवर, कोपऱ्यापलीकडे, बहीण स्टुलावर चढलेली दिसली असती. हाक मारली असती तरी पुरलं असतं. ताई, एवढंच. पण ज्याला वाटतं की समोरच्यानं दगा दिलाय, तो हाक मारत नाही. तो डावीकडच्या मागच्या जिन्यानं उतरतो. थुंकीचं भांडं त्यानं जिन्याच्या पायरीवर ठेवलं आणि पळाला.

अर्ध्या जिन्यात घंटा एकाएकी थांबली. त्याला वाटलं वेळ संपली, दारं लागली, ताई आत, आपण बाहेर, गाव आपल्याला जिवंत सोडत नाही. तो आणखी जोरात पळाला. रस्ता ओलांडताना एका टेम्पोवाल्यानं त्याला शिवी दिली.

दारं उघडी होती. आत शिरून धापा टाकत तो जागेवर बसला आणि समोर बघितलं.

ताईची खुर्ची रिकामी होती.

दोनतीनदा बघितलं. तिच्या शेजारचे सभासदही त्याच्याकडे बघत होते. त्यातल्या एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. तिला जोडीचं माहीत होतं.

"ताई कुठंय?" त्यानं शेजारी येऊन बसलेल्या प्रतोदाला विचारलं.

"असतील हॉस्पिटलात," प्रतोद म्हणाला. "तुम्ही आलात ना."

"तुम्ही लिहिलंत निघाल्या म्हणून."

"लिहिलं असेल. खरं असतं तर?" आणि त्यानं बाळ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, घरच्यासारखा.

द्वारपालांनी दारं लावली. कडी बसल्याचा आवाज आला.

बाकावर तीन बटणं होती. हो, नाही आणि तटस्थ. तिसरं बटण त्याच्यासारख्यांसाठीच ठेवलेलं असतं. चूक झाली, गैरसमज झाला, पण शब्द अजून मोडलेला नाही, असं म्हणायची ती शेवटची जागा. ते दाबलं असतं तर फरक एका मताचा राहिला असता. निम्मी अण्वस्त्रं मोडली असती. बाळ्याला हे कळत होतं. तो मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर बरं झालं असतं.

तो स्वतःला काय काय सांगत बसला ते ऐका. ताई निघालीच असेल, लिफ्टमध्ये अडकली असेल. म्हणजे तिनंच आधी मोडलं. नसेल निघाली, तर पुढच्या वेळी निघेल. आपण तटस्थ राहिलो तर कारखान्याच्या फाटकात आपला पुतळा जाळतील. पलीकडच्या देशावर तरी कोण विश्वास ठेवतं? इतके दिवस सभागृहात जे बोललं जात होतं, तेच त्याच्या डोक्यात त्याच्याच आवाजात वाजत होतं. गुडघ्यावरचा हात गरम होता.

त्यानं नाही दाबलं.

फलकावर आकडे समसमान झाले. अध्यक्ष उठले, रीतीप्रमाणे मत दिलं, करार पडला. बाकं बडवली गेली. कुणीतरी बाळ्याला मिठी मारली. त्याचे हात लोंबत राहिले.

तो परत आला तेव्हा जिन्यात भांडं होतं तिथेच होतं. ते उचलून, रिकामं असूनही पुन्हा धुऊन, तो खोलीत गेला. ताई खुर्चीत होती. बाबांचा हात तिच्या हातात. फोन मांडीवर उपडा ठेवलेला. तिच्या प्रतोदानं मधे तीनदा फोन केला होता, तुमचा भाऊ आत आलाय, जीव घेऊन पळत या. खरं सांगत होता बिचारा. पण सकाळी तेच खोटं सांगून झालं होतं. तिनं हसून फोन ठेवून दिला होता. भाऊ न्हाणीघरात नाही हे तिला दिसलं होतं, डॉक्टरांना बोलवायला गेला असेल म्हणून तिनं बाबांना तसंच सांगितलं होतं.

चौथा फोन निकालाचा होता.

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बस. तुझी खुर्ची तिथंच आहे."

"तुझी पर्स नव्हती, ताई. मला वाटलं..."

"टॉवेल कोंबायला गेले होते. बाबांना त्रास होत होता."

तो बसला. रडू आलं असतं तर त्याला सोयीचं झालं असतं. आलं नाही. ताईनं त्याला शिवी दिली असती, कानाखाली काढली असती, तरी तो तिच्या पाया पडला असता. तिनं काहीच केलं नाही. फक्त बाबांचा दुसरा हात, जो त्याच्या बाजूला होता, तो त्याच्याकडे सरकवला नाही.

खालून आवाज यायला लागला. हॉर्न, घोषणा. भाऊसाहेब आगे बढो. कारखान्याच्या गावची माणसं गाड्या भरून आली होती आणि हॉस्पिटलखालीच नाचत होती. बाबांनी डोळे उघडले. मास्क बाजूला केला. ताईनं तो परत बसवायला हात पुढे केला, त्यांनी मानेनं नको म्हटलं.

"झालं का मतदान?"

"झालं, बाबा," ताई म्हणाली.

"निम्मी काढणार?"

ताईनं पहिल्यांदा भावाकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर त्याला पेलला असता. ती नुसती वाट बघत होती. बोल म्हणत होती. तूच बोल.

बाबांनीही मान वळवली. श्वास तुटत होता. "बाळ्या. मी बसवलेली पण?"

खाली त्याच्या नावानं शिट्ट्या वाजत होत्या. बाळ्या चादरीकडे बघत म्हणाला,

"हो, बाबा. तुमची पण."

"लोक खूश दिसतायत," बाबा म्हणाले.

त्यांनी उजव्या हाताची बोटं चादरीवर धरली आणि हळू हळू फिरवायला लागले, आटे सोडवावेत तशी, उलट्या बाजूला. कितीतरी वेळ फिरवत होते. ताई बघत होती. बाळ्यालाही बघावं लागलं. बोटं थांबली तेव्हा खाली अजून नाच चालूच होता, आणि नर्सबाईंच्या खोलीच्या दाराशी टॉवेल कोंबलेली घंटा पुढच्या मतदानासाठी आतल्या आत घुरघुरायला लागली होती.