खालचं बेसमेंट

"मॅडम, मी जरा वर जाऊन येतो."

"पुन्हा? अहो, आत्ताच तर आलात!"

"एकच मिनिट. घरी फोन करायचाय."

खांबापाशी टेपचं टोक धरून उभा असलेला वायरमन ते टोक सोडून जिन्याकडे पळालासुद्धा. टेप सर्रकन मागे येत मॅडमच्या बोटांवर आपटली. त्यांनी बोटं झटकली, टेप पुन्हा ओढली, एक टोक बुटाखाली दाबलं आणि खांबापासून भिंतीपर्यंतचं अंतर एकट्यानंच मोजलं. आकडा वहीत लिहून झाला तरी वायरमनचा पत्ता नव्हता.

या वायरमनला त्या इमारतीत सगळे फ्यूज म्हणत, कारण तो बोलता बोलता एकदम उडायचा. उडायचा म्हणजे चिडायचाही आणि नाहीसाही व्हायचा. माणूस कामाला चोख होता. पण दर थोड्या वेळानं त्याला वर जायची हुक्की यायची. बिडी ओढायला जात असेल, अशी मॅडमनी स्वतःची समजूत करून घेतली होती. नुसता फोनच करायचा तर इथे उभं राहून करता येत नाही का?

इमारत मोठी होती. खालच्या मजल्यांवर दुकानं, वर ऑफिसं, आणि पोटात एकाखाली एक अशी दोन बेसमेंट. दोन्ही गाड्यांनी भरलेली. यांतल्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांना चार्जिंगची सोय कुठे करायची, कशी करायची, त्याचा आराखडा मॅडमना काढायचा होता.

हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. गाडी चार्ज करणं म्हणजे नळाखाली बादली लावण्यासारखं आहे. बादली भरायला दिवसभर वेळ असेल तर बारीक धारही पुरते. घाई असेल तर नळ पूर्ण सोडावा लागतो. आणि सगळ्यांनी एकदम नळ पूर्ण सोडले, तर टाकीत खडखडाट. मग वरची लिफ्ट बंद, एसी बंद आणि लोक खाली येऊन आराखडेवाल्याच्या नावानं शिमगा करणार! म्हणून आधी बघायचं असतं ते हे, की कोणती गाडी किती वेळ उभी राहते.

हे बघायची मॅडमची आपली एक रीत होती. बाकीचे लोक सिक्युरिटीकडून आकडे मागवत आणि ऑफिसात बसून नकाशे काढत. मॅडम घडीचं स्टूल घेऊन जात, खांबाला पाठ टेकून बसत आणि बघत. आठवडाभर. आकडे गाडी आत कधी आली ते सांगतात, पण माणूस घाईत होता की निवांत, हे काही सांगत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना कळलं होतं की दुकानांत येणारे वरच्या बेसमेंटमध्येच गाडी लावतात आणि तासाभरात जातात. खालच्या बेसमेंटमध्ये ऑफिसवाले. सकाळी लावली की संध्याकाळपर्यंत गाडी हलायची नाही. शिवाय विजेची मुख्य खोलीही खालीच. म्हणजे केबल आखूड, धार बारीक, गाड्या भरपूर. देवानं जागा आखून दिल्यासारखं सगळं जुळत होतं.

खाली येणारी माणसंही त्यांना पाठ झाली होती. निळ्या गाडीतली मुलगी आरशात बघून केस बांधायची आणि मगच दार उघडायची. एक जाडसर गृहस्थ गाडी बंद केल्यावर डोळे मिटून तसेच बसून राहायचे, आणि मग कुणीतरी ढकलल्यासारखे उठायचे. मॅडमना ही सगळी ओळखीची वाटायला लागली होती. त्यांना मात्र मॅडम म्हणजे खांबाशेजारचा आणखी एक खांब.

एकदा त्या निळ्या गाडीतल्या मुलीनं विचारलं, "काकू, तुम्ही रोज इथे? सिक्युरिटीत आहात का?"

"नाही गं. इथे चार्जिंगची सोय करायचीय, त्याचं बघतेय."

"अय्या, खरंच? लवकर करा हं! माझी गाडी रोज संध्याकाळी मान टाकते."

मॅडम हसल्या. संध्याकाळी घरी कुलूप काढताना त्यांना ते 'मान टाकते' पुन्हा आठवलं आणि पुन्हा हसू आलं. हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं. मग त्यांनी दिवा लावला आणि भाजी चिरायला घेतली.

दुपारी फ्यूज म्हणायचा, "मॅडम, वर चला ना जेवायला. कँटीनमध्ये पंखे आहेत, माणसं आहेत. इथे काय ठेवलंय? पालीसुद्धा राहत नाहीत."

"तुम्ही जा. जेवणाच्या सुट्टीत गाड्या हलतात का, ते बघायचंय मला."

ते खरंच होतं, पण सगळं खरं नव्हतं. कँटीनमध्ये ताट हातात घेऊन उभं राहावं लागतं. चौघं बसलेल्या टेबलाकडे जावं लागतं, 'इथे बसू का' विचारावं लागतं, मग ते चौघं बोलायचे थांबतात. त्यापेक्षा स्टूल बरं.

आणि घरी बसण्यापेक्षा, ऑफिसात बसण्यापेक्षा हे बेसमेंटही बरं. इथे निदान माणसं येत-जात होती. हे काम आपल्या हातून जाऊ नये, एवढंच मॅडमना वाटत होतं. कारण कंपनीचा मालक, त्यांच्या मुलाच्या वयाचा, मागेच म्हणाला होता, "मॅडम, साइटची दगदग आता तरुण पोरांना करू दे. तुम्ही ऑफिसात बसून त्यांचे आराखडे तपासा." मॅडमनी हट्टानं ही इमारत मागून घेतली होती. ही नीट पार पडली तर पुढचीही मिळेल. नाहीतर ऑफिसातला तो कोपरा होताच. समोर काचेची भिंत, आणि भिंतीपलीकडे दुसरी भिंत.

बैठकीच्या दिवशी मॅडम इस्त्रीची साडी नेसून आल्या. टेबलाभोवती इमारतीचे मॅनेजर, ऑफिसवाल्यांच्या वतीनं आलेल्या एक बाई आणि मॅडमचा मालक. काही विचारायचं झालं तर असावा म्हणून फ्यूजलाही बोलावलं होतं. तो दारापाशी खुर्चीच्या कडेवर बसला होता.

मॅडमनी नकाशा पसरला. नळाची आणि बादलीची गोष्ट सांगितली. सगळे मान डोलवायला लागले. मॅनेजर म्हणाले, "वा! इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं." मालकानं मॅडमकडे कौतुकानं बघितलं.

"आणि चार्जर सुरू कसा करायचा?" बाईंनी विचारलं.

"मोबाइलवरून. गाडीला वायर जोडायची, मोबाइलवर बटण दाबायचं, झालं."

मॅनेजरांची मान डोलायची थांबली. "मोबाइलवरून? खालच्या बेसमेंटमध्ये?"

"हो."

"अहो मॅडम, खाली रेंज कुठे आहे?"

मॅडमना प्रश्नच कळला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे फोन लागत नाही. अजिबात. शेवटचा जिना उतरला की फोन मेला. सगळ्यांना माहीत आहे." बाईंनीही दुजोरा दिला, "हो ना! मी तर घरी सांगून ठेवलंय, गाडीत बसताना फोन लागला नाही तर घाबरू नका म्हणून."

मालक पुढे वाकला. आवाज शांत होता, पण त्यानं पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्ही आठवडाभर तिथेच होतात ना?"

"होते."

"मग तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. मॅडमना एकदम ते सगळे दिवस दिसले. फोन तर दिवसभर हातात होता. त्याच्या उजेडात त्यांनी केबलचे मार्ग पाहिले, फोटो काढले, हिशेब केले. संध्याकाळी वर आल्यावर कधी त्यात काही साठून आलेलं नसायचं. मुलगा दूर होता, रविवारी बोलायचा. आणि त्याचे बाबा होते तेव्हा? ते होते तेव्हा दुपारी ठरल्या वेळी फोन यायचा. "अगं, जेवलीस का? की वायरीच मोजत बसलीयस?" मॅडम वैतागायच्या, "अहो, कामात आहे मी!" ते असते तर पहिल्याच संध्याकाळी घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या आरडाओरडा झाला असता. दुपारभर फोन लावतोय, कुठल्या विहिरीत जाऊन बसली होतीस? ते असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"साहेब, मॅडम कामात फोन बंद ठेवतात," दारापाशी फ्यूज एकदम म्हणाला. "मी बघितलंय ना. एकदा मोजायला लागल्या की फोन बंद. नाहीतर आमच्यासारखे! दर घटकेला वर पळायचं."

पळवाट चांगली होती. मॅनेजरांनी मान हलवली, मालकाचा चेहराही जरा सैल झाला. मॅडमनी फ्यूजकडे बघितलं. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "फोन चालूच होता. हातातच होता. कुणाचा यायचा असेल, कुणाला करायचा असेल, तर रेंज गेलेली कळते. मला तसं काही नव्हतं. म्हणून नाही कळलं."

केबलची लांबी सांगावी तशा सुरात त्यांनी हे सांगितलं. बाईंनी पाण्याचा पेला उगीचच थोडा सरकवला.

"चूक माझी आहे," मॅडमनी नकाशा स्वतःकडे ओढला. "पण जागा तीच योग्य आहे. इंटरनेटची वायर वरून खाली आणू आणि चार्जर तिलाच जोडू. प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं. कार्ड टेकवलं की चार्जर सुरू, मोबाइलची गरज नाही. आणि खाली कुणी अडकलं, काही बिघडलं तर वर कळवायला भिंतीवर एक साधा फोन लावायचा. वायरचा. तो सरळ वॉचमनच्या केबिनमध्ये वाजेल."

मॅडम पेन्सिलीनं रेघा ओढत गेल्या. हळूहळू सगळे पुन्हा वाकून बघायला लागले. आराखडा मंजूर झाला.

परतताना गाडीत मालक म्हणाला, "मॅडम, राग मानू नका."

"नाही मानणार. बोल."

"पुढच्या साइटवर मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो. तुम्ही ऑफिसातून बघा. तुमच्याइतकं बारकाईनं आराखडा कुणी तपासणार नाही. आणि… तुम्ही एकट्या असं दिवसच्या दिवस खाली बसणं मला बरं वाटत नाही हो."

पोरगा मनापासून बोलत होता. त्याच्याशी भांडावं असं काही त्यात नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "एवढं हे काम हातावेगळं होऊ दे."

काम हातावेगळं झालं. चार्जर बसले, कार्डं वाटली गेली. निळी गाडी मान वर करून उभी राहिली. शेवटच्या दिवशी भिंतीवरचा फोन तेवढा तपासायचा राहिला होता. फ्यूज वर केबिनमध्ये जाऊन बसला. मॅडमनी खाली रिसीव्हर उचलला.

"बोला मॅडम!"

"ऐकू येतंय?"

"एकदम शेजारी बसल्यासारखं. ठेवू?"

"थांबा. थोडा वेळ चालू राहू दे. मध्येच तुटतो का, बघू."

"मग टेबलावर ठेवतो हं. माझा मोबाइल वाजतोय. घरून."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा खट् आवाज झाला. मग वरची केबिन ऐकू यायला लागली. कुणीतरी खुर्ची ओढली. कुणीतरी चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरलं, त्यावर दुसरा म्हणाला, "आता तूच ढवळलास ना?" आणि दोघं हसले. मागून फ्यूज सांगत होता, "अगं हो, आणतो! विसरलो तर घरात घेऊ नकोस, बस्स?" दार उघडलं, मिटलं. कुणाची तरी पावलं जवळ आली आणि लांब गेली.

लाइन कुठेही तुटत नव्हती. तपासणी केव्हाच झाली होती. मॅडम भिंतीला पाठ टेकून रिसीव्हर कानाशी धरून उभ्या होत्या.

समोरच्या रांगेत गाडी थांबली. ते जाडसर गृहस्थ उतरले, त्यांनी वायर जोडली, कार्ड टेकवलं. नव्या सोयीबद्दल काहीतरी बोलावं म्हणून ते हसतमुखानं मॅडमच्या दिशेनं आले. मग बाई फोनवर आहेत असं दिसल्यावर ओशाळून थांबले. 'चालू द्या, चालू द्या' अशी हातानंच खूण केली आणि आवाज होऊ नये म्हणून जपून पावलं टाकत जिन्याकडे निघाले.

बोलण्यात गुंतलेली माणसं करतात तसा मॅडमनी त्यांच्याकडे बघून नुसता हात वर केला.